मीटर कुणाच्या नावावर आहे?

पुण्यात दांडेकर पुलाजवळ आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, आठ बाय सहाचा गाळा, एक मशीन, एक म्हातारा कॉम्प्युटर आणि पासपोर्ट फोटोसाठी मागे टांगलेला पांढरा पडदा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुरू केलं तेव्हा कॉलेजच्या पोरांच्या नोट्सवर धंदा चालायचा, आता पोरं मोबाईलवर फोटो काढून मोकळी होतात आणि आपलं पोट फॉर्मवर चालतं. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात नाव वाढवणं, निराधारचा फॉर्म, लाईट बिल भरणं. त्यामुळे या भागातल्या चारपाचशे घरांची आर्थिक परिस्थिती मला त्यांच्या नातेवाईकांपेक्षा जास्त माहितीये. अभिमानाने नाही सांगत हां, झेरॉक्स काढताना कागद डोळ्यासमोरून जातोच, काय करणार.

तर ही गोष्ट २०२५ च्या मार्चमधली. मार्चएंड म्हणजे आमच्याकडे दिवाळीच असते, सगळ्यांना सगळं ३१ तारखेच्या आत पाहिजे असतं. अशा गर्दीत एक मावशी आल्या, जनता वसाहतीत वर टेकडीला राहतात, चार घरी धुणंभांडी आणि दोन घरी पोळ्या. मला लहानपणापासून ओळखतात. हातात लाईटचं बिल आणि मोबाईल. बिल ९,४६० रुपये. आणि मोबाईलवर मेसेज, की तुमचं मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कट होणार, ताबडतोब या नंबरवर फोन करा. मावशी म्हणाल्या, दादा फोन लावून दे, मला नीट बोलता येत नाही साहेबाशी.

मी म्हणलं मावशी थांबा. तो नंबर दहा आकडी साधा मोबाईल नंबर होता. हा फ्रॉड इतका जुना झालाय तरी अजून चालतो, कारण ज्याचं बिल खरंच थकलंय त्याला तो मेसेज खराच वाटणार ना. फोन केला की ते एक अ‍ॅप टाकायला सांगतात, दहा रुपये भरा म्हणतात आणि खातं साफ. मावशींच्या खात्यात असतील नसतील तेवढे पैसे गेले असते. वीज कायदा २००३ आहे, त्याचं कलम ५६ आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की थकबाकीसाठी वीज तोडायची तर १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रात्री साडेनऊला कुणी कट करत नाही. पण याचा उलटा अर्थ पण काढू नका, की नोटीस घरी कागदावर आली नाही म्हणजे आपण सेफ, ती आजकाल रजिस्टर केलेल्या मोबाईल नंबरवर पण येते. आणि मावशींच्या मीटरला रजिस्टर नंबर कुणाचा तर थोरल्या मुलाचा, तो पण जुना, बंद पडलेला. म्हणजे खोटा मेसेज बरोबर पोचला आणि खरा कुठे गेला कुणास ठाऊक.

त्याच कलमात अजून एक गोष्ट आहे जी फार कमी लोकांना माहितीये. बिल चुकीचं आहे असं वाटत असेल तर तक्रार नोंदवून म्हणजे 'अंडर प्रोटेस्ट' भरता येतं, पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीवर निघेल ती, दोन्हीपैकी जी कमी असेल ती. तेवढी भरली की भांडण मिटेपर्यंत लाईट तोडता येत नाही. आणि दोन वर्षांपेक्षा जुनी रक्कम जर मधल्या काळात सतत थकबाकी म्हणून बिलावर दाखवलीच नसेल तर ती अचानक उकरून काढता येत नाही. हे मी वकील आहे म्हणून नाही सांगत, एका निवृत्त काकांनी त्यांच्या अर्जाच्या सात कॉप्या काढल्या होत्या, सातव्या कॉपीपर्यंत माझं पाठ झालं.

पण मावशींचं बिल चुकीचं नव्हतं. तीन महिन्यांचं थकलेलं होतं. मावशींचे मिस्टर रिक्षा चालवतात, डिसेंबरात त्यांचा पाय मोडला, रिक्षा घरासमोर उभी, आणि लाईटचे म्हणून बाजूला ठेवलेले पैसे औषधाला गेले. इथे मला एक धक्का बसला तो सांगतो. ते लाईटचे पैसे नुसते मावशींचे नव्हते. त्यांच्या घराला लागून दोन खोल्या आहेत, त्या भाड्याने दिल्यात, एकीत लातूरकडचं एक कुटुंब आणि दुसरीत पार्सल पोचवणारी दोन पोरं. मीटर एकच, दोन्ही खोल्यांना सबमीटर, युनिटला १२ रुपये. म्हणजे भाडेकरूंनी आपापले पैसे दर महिन्याला मावशींना दिलेले, आणि ते पुढे गेलेलेच नाहीत. मावशी हे सांगताना खाली बघत होत्या.

आता मी पण भाड्याच्या खोलीत वाढलोय, पर्वती पायथ्याला, आणि मला लहानपणापासून वाटायचं की सबमीटरवाला घरमालक म्हणजे एक नंबरचा चोर. महावितरणचा दर पाच सहा रुपये आणि हा घेतो बारा. त्या दिवशी दुकानात गर्दी असून मी बिलाच्या मागे हिशोब करायला बसलो, मागचे दोघं तिघं वैतागले, वैतागू दे म्हणलं.

हिशोब असा. २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटला ४ रुपये ७१ पैसे आणि वर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवायचे, १ रुपया १७ पैसे, मिळून ५.८८. आणि १०१ ते ३०० युनिटला १०.२९ अधिक तोच वहन आकार, म्हणजे ११.४६. जवळजवळ दुप्पट. मग स्थिर आकार १२८ रुपये आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन वगैरे सोडून देऊ. एका घराचे महिन्याला ९० युनिट धरले, पंखा, टीव्ही, छोटा फ्रिज, दोन दिवे, आणि त्याचं स्वतःचं मीटर असेल तर बिल येतं ७६२ रुपयांच्या आसपास. तीन घरांची तीन मीटर असती तर तिघांचे मिळून २,२८७. पण तिघं एकाच मीटरवर आहेत, मग युनिट झाले २७०, त्यातले पहिले १०० स्वस्त आणि उरलेले १७० महाग, बिल ३,०९०. तीन घरांवर वाटलं तर प्रत्येकी १,०३०. बारा रुपयांनी ९० युनिटचे होतात १,०८०.

म्हणजे मावशी एका भाडेकरूमागे महिन्याला पन्नास रुपये कमवत होत्या. चोर कुणीच नव्हतं. स्लॅब गरिबाला स्वस्त वीज मिळावी म्हणूनच केलाय, कमी वापरणाऱ्याला कमी दर, पण स्लॅबला घर दिसत नाही, त्याला मीटर दिसतं. एका मीटरमागे दहा बाय दहाच्या तीन खोल्यांत तीन कुटुंबं अंधार पाळून पाळून वीज वापरतायत हे त्याला कसं कळणार, त्याला वाटतं कुणी एसी लावून बसलाय. कोथरूडच्या टू बीएचकेत दोघं नवराबायको नोकरीला जातात, दिवसभर घर बंद, त्यांना ९० युनिटचा पूर्ण स्वस्त दर मिळतो. त्यांचं काही चुकलं नाही, मीटर त्यांच्या नावावर आहे एवढंच.

मग मला सगळीकडे हेच दिसायला लागलं. मदत असते, खरंच असते, आपण म्हणतो तशी सरकारकडे काहीच नाही असं नाहीये, पण ती माणसाला मिळत नाही, कागदावरच्या नावाला मिळते. मावशींच्या घराचं मीटर कुणाच्या नावावर? सासूबाईंच्या. त्या वारून अकरा वर्षं झाली.

महावितरणकडे दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांसाठी वेगळा वर्ग आहे, दर बराच कमी. मावशींनी विचारलं मला का नाही रे. मंजूर भार पाव किलोवॅटपर्यंत पाहिजे आणि वर्षाला ३६० युनिटच्या आत वापर पाहिजे. म्हणजे महिन्याला ३०. जुना ७५ वॉटचा पंखा रोज बारा तास चालला तरी महिन्याचे २७ युनिट तोच खातो. उरलेल्या तीन युनिटमध्ये दिवे लावा आणि मोबाईल चार्ज करा. पाव किलोवॅट म्हणजे २५० वॉट, साधा मिक्सर ५०० चा असतो, चटणी वाटली की भार ओलांडला. आणि एकदा वर्षाचे ३६० च्या वर गेले की नेहमीच्या घरगुती वर्गात टाकतात आणि मग नंतर वापर कितीही कमी केला तरी परत त्या स्वस्त वर्गात घेत नाहीत. एक उन्हाळा कडक गेला की कायमचं बाहेर. पुण्यात आता उन्हाळा कसा असतो ते पत्र्याखाली राहणाऱ्याला विचारा.

सोलरचं पण तेच. पीएम सूर्यघर योजना २०२४ ला आली, तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान, चांगलीच आहे, आमच्या एका गिऱ्हाईकाचं धायरीला घर आहे त्यांनी बसवलं आणि खुश आहेत. पण छप्पर पाहिजे ना स्वतःचं. पुढे.

गॅसचं सांगतो, हे जरा इंटरेस्टिंग आहे. लातूरच्या वहिनींचं उज्ज्वलाचं कनेक्शन आहे, गावाकडून इकडे ट्रान्सफर केलेलं. उज्ज्वलाला सिलेंडरमागे ३०० रुपये परत येतात, पूर्ण पैसे भरून सिलेंडर घ्यायचा आणि मग खात्यात जमा. त्यांचे दीड वर्ष आलेच नाहीत. एजन्सीत विचारलं तर म्हणे आमच्याकडून जमा दाखवतंय. बँकेत विचारलं तर म्हणे आमच्याकडे आलंच नाही. दोघंही खरं बोलत होते! मी आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं तर त्यांचं आधार भलत्याच बँकेला जोडलेलं. सिमकार्ड घेताना कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याने अंगठा घेतला होता, त्यात त्याने एक डिजिटल खातं पण उघडून टाकलं, त्याला त्याचं कमिशन. सरकारी पैसे आधारला शेवटी जी बँक जोडली तिकडे जातात, तुम्ही फॉर्मवर कुठला खातेनंबर लिहिला त्याला अशा वेळी काही अर्थ नसतो. दीड वर्षाचे सगळे पैसे त्या खात्यात पडून होते, वहिनींना दुकानात बसून रडू का हसू कळेना. लाडक्या बहिणीच्या वेळेला तर अशा किती केसेस आल्या, मोजल्या नाहीत. ज्यांचे पैसे येत नाहीत त्यांनी कुठे चकरा मारायच्या आधी हे एक बघा, दोन मिनिटाचं काम आहे, ओटीपी लागतो म्हणून मोबाईल बरोबर ठेवा. आणि अंगठा कशासाठी देतोय ते विचारल्याशिवाय देऊ नका.

लाडक्या बहिणीचा विषय निघालाच आहे तर कबूल करतो. जुलै २०२४ मध्ये माझ्या गाळ्यासमोर सकाळी सातपासून रांग असायची. फॉर्म फुकट होता. मी भरून द्यायचे ५० रुपये घेतले. शेजारचा १०० घेत होता, मी ५० घेतले म्हणून मी चांगला असं मला तेव्हा वाटत होतं. वीज, नेट, माझा वेळ सगळं धरून ५० जास्त नाहीत असं अजूनही वाटतं, पण पन्नास रुपये देताना पर्सच्या आतली पर्स आणि तिच्या आतली पिशवी उघडणारी बाई बघितली की हात जरा अडखळतो. पहिल्या आठवड्यात तर सगळ्याजणी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पळत होत्या आणि नंतर कळलं की पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर दाखल्याची गरजच नाही. तोपर्यंत किती जणींचे दोन दोन दिवसांचे खाडे पडले. त्या खाड्याचे पैसे कुठल्या योजनेत मिळतात?

उत्पन्नाचा दाखला ही एक वेगळीच गंमत आहे. बघा हं, एकच बाई, घरात वर्षाला सगळ्यांचं मिळून समजा एक लाख वीस हजार. संजय गांधी निराधारला वर्षाची मर्यादा २१ हजार, म्हणजे महिन्याला १,७५०. पुण्यात १,७५० रुपयांत महिना काढणारा माणूस मला दाखवा, मी त्याच्या पाया पडतो. शहरात अन्नसुरक्षेच्या धान्याला मर्यादा ५९ हजार, महिन्याला पाच हजार पण नाही. केशरी कार्ड एक लाखापर्यंत. धर्मादाय हॉस्पिटलात पूर्ण मोफत उपचाराला एक लाख ऐंशी हजार. लाडक्या बहिणीला अडीच लाख. म्हणजे ही बाई रेशनच्या दुकानात श्रीमंत, हॉस्पिटलात गरीब, आणि निराधारच्या खिडकीवर तर एकदम शेठाणी. मग लोक काय करतात, सगळ्यात कमी आकडा लिहितात, वर्षानुवर्षं तोच २१ हजार, आणि पोराच्या शैक्षणिक कर्जाला गेले की बँक म्हणते एवढ्या उत्पन्नात फेडणार कसं. लोक खोटं लिहितात असं ऑफिसातले म्हणतात. ज्याने हा आकडा ठरवला त्याला काय म्हणायचं मग.

केशरी कार्ड असून धान्य का नाही हा प्रश्न रोज येतो. केशरीत दोन प्रकार आहेत, ज्यांचं नाव प्राधान्य कुटुंबात आहे त्यांना माणशी महिन्याला ५ किलो, आणि ते सध्या फुकट आहे, जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षं तसंच राहणार आहे. बाकीच्या केशरीवाल्यांना ते धान्य नाही. अंत्योदयवाल्यांना कार्डामागे ३५ किलो. पण कार्डाचा उपयोग आता धान्यापेक्षा दवाखान्याला जास्त आहे, महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सगळ्या कार्डांना लागू आहे, पांढऱ्याला पण, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखापर्यंत. म्हणून धान्य मिळत नाही म्हणून कार्ड फेकून देऊ नका, सुनेचं नाव घाला, जन्मलेल्या पोराचं घाला, वारलेल्याचं काढा. हॉस्पिटलच्या दारात उभं राहून रेशनकार्डात नाव घालता येत नाही.

हे मी कुठून शिकलो ते सांगतो. २०१९ ला अण्णांना अ‍ॅटॅक आला. रात्रीची वेळ, जे जवळ होतं तिथे नेलं, नाव नाही घेत. ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. एक लाख शहाऐंशी हजार बिल झालं, आईच्या पाटल्या गेल्या, एक एफडी मोडली, मामांकडून चाळीस हजार घेतले. अण्णा वाचले, त्याबद्दल डॉक्टरांना हात जोडतो. पण आठ महिन्यांनी माझ्याच दुकानात एक मुलगी धर्मादाय योजनेच्या अर्जाची झेरॉक्स काढायला आली आणि मी तो कागद मशीनवर ठेवता ठेवता वाचला. ट्रस्टच्या हॉस्पिटलांना २००६ पासून हायकोर्टाच्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवाव्या लागतात, त्यासाठी बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या फंडात टाकतात. तातडीच्या पेशंटला डिपॉझिटसाठी अडवायचं नाही हे पण त्यातच. आताची मर्यादा निर्धनला १ लाख ८० हजार आणि दुर्बलला ३ लाख ६० हजार. आम्ही निम्म्या दरात बसलो असतो. आम्हाला कुणी सांगितलं नाही हे खरं, आणि आम्ही विचारलं नाही हे पण तितकंच खरं. काउंटरवर नाही विचारायचं, तिथला सोशल वर्कर कुठे बसतो ते विचारायचं, आणि ऍडमिट झाल्या झाल्या, बिल निघायच्या आधी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड हातात पाहिजे. आमच्याकडे दाखला होता, पण जुना. मार्च संपला की दाखला शिळा होतो, पोळीसारखा.

तेव्हापासून मी एप्रिलमध्ये गिऱ्हाईकांच्या मागे लागतो, दाखला काढून ठेवा, काम असो नसो. शपथपत्राला स्टॅम्प पेपर आण असं कुणी म्हणलं तर आणू नका, दाखल्यांसाठी साधं स्वयंघोषणापत्र चालतं, शासनाने २०१५ लाच ते करून ठेवलंय. पंधरा दिवसांत दाखला मिळायला पाहिजे, सेवा हक्क कायदा आहे त्याला. एजंट दोन दिवसांत देतो म्हणेल आणि पाचशे मागेल. एका बाईकडून एकाने दीड हजार घेतले आणि दिलेल्या दाखल्याचा बारकोड स्कॅन केला तर दुसऱ्याच माणसाचं नाव. महापालिकेची शहरी गरीब योजना पण या दाखल्यावरच, पिवळं कार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला आणि पुण्यातला रहिवासाचा पुरावा, वर्षाला एक लाखापर्यंतची मदत, कॅन्सर, किडनी, हार्टला दोन लाख. रहिवासाचा पुरावा म्हणून फोटोपास किंवा लाईट बिल. बघा, फिरून फिरून परत मीटरपाशीच आलो.

तर मावशींचं काय झालं. मी त्यांच्याबरोबर महावितरणच्या सबडिव्हिजन ऑफिसला गेलो, दुकान आईवर टाकून. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, हे सांगायला पाहिजे कारण आपण नेहमी वाईटच लिहितो. बिलाचे हप्ते पाडून मिळतात, फक्त मागावे लागतात, आणि तारीख उलटायच्या आत मागावे लागतात, वायरमन खांबावर चढल्यावर नाही. तीन हजार लगेच आणि बाकी तीन हप्त्यांत ठरलं. मावशींनी ब्लाउजमधून रुमालाची पुरचुंडी काढली, त्यात दोन हजार आठशे. दोनशे मी घातले, नंतर त्यांनी पोळ्यांच्या रूपात वसूल करून दिले.

निघताना मी सहज विचारलं की भाड्याच्या खोलीला वेगळं मीटर मिळेल का. कायद्यात कलम ४३ मध्ये मालक किंवा भोगवटादार असा शब्द आहे, म्हणजे राहणारा पण मागू शकतो, मालकाची संमती आणि पुरावा घेऊन. साहेबांनी पत्ता टाकला आणि म्हणाले अहो इथे आधीच एक मीटर होतं, पीडी झालंय. पीडी म्हणजे कायमचं तोडलेलं. मावशींना आठवलं, मधल्या खोलीत पूर्वी दीर राहायचे, ते बिल न भरताच पिंपरीला गेले. मुद्दल ६,२०० आणि त्यावर व्याज चढून चढून आकडा भलताच झालेला, आणि नवं मीटर हवं तर आधी हे जुनं मिटवायला हवं होतं. आता हे नशीब म्हणायचं का काय, पण महावितरणची अभय योजना नेमकी ३१ मार्चपर्यंतच होती, कायमची तोडलेली जोडणी असेल तर व्याज आणि विलंब आकार पूर्ण माफ, नुसतं मुद्दल भरायचं. एकदम भरलं तर मुद्दलात पण १० टक्के सूट, नाहीतर ३० टक्के आधी आणि बाकीचे सहा हप्ते बिनव्याजी. आम्ही गेलो तेव्हा तारीख होती २५.

लातूरच्या दादांना रात्री हिशोब समजावून सांगितला. तुमचं मीटर वेगळं झालं तर तुमचं बिल १,०८० चं ७६२ होईल आणि उरलेल्या दोघांचं मिळून ३,०९० च्या जागी १,८९४. ते गवंडीकाम करतात, हिशोबाला माझ्यापेक्षा पक्के, दोन मिनिटात म्हणाले म्हणजे सगळ्यांचे मिळून महिन्याला चारशे चौतीस वाचतात, हप्ता आम्ही भरतो, मावशी तुम्ही भाडं वाढवायचं नाही दोन वर्षं. मावशी म्हणाल्या बरं. वहीच्या कागदावर लिहून घेतलं, त्याची मी फुकट झेरॉक्स काढली, दोघांना एक एक. ३० टक्के म्हणजे १,८६० रुपये २८ तारखेला भरले. दिराच्या मुलाकडून संमतीपत्र आणायला मला स्वतःला पिंपरीला जावं लागलं, तो अर्धा तास फक्त वडिलांच्या वाट्याबद्दल बोलत होता, मी म्हणलं दादा मीटर आहे, सातबारा नाही. शेवटी सही दिली. अर्ज कुणाच्या नावाने करायचा यावर वहिनी पटकन म्हणाल्या माझ्या. गॅस पण माझ्या नावावर आहे, लाईट पण माझ्याच नावावर येऊ दे. दादा काही बोलले नाहीत.

सहा हप्ते संपले. मधे मावशींच्या मीटरवरचं सासूबाईंचं नाव बदलायचा अर्ज पण टाकला, मृत्यूचा दाखला शोधायलाच तीन आठवडे गेले, तो देवघरात फोटोच्या मागे निघाला. आणि काल वहिनी नव्या मीटरचं बिल घेऊन दुकानात आल्या, ८७ युनिट, हसत होत्या. मी बिल हातात घेतलं आणि बघतोय तर आडनावात एक काना जास्त. ऑफिसची चूक असेल म्हणून मी तावातावाने अर्जाची कॉपी काढली, तर मार्चएंडच्या गर्दीत टाईप करताना तो काना मीच दिला होता. आधारवर एक, मीटरवर दुसरंच. नाव दुरुस्तीचा फॉर्म लगेच भरायला घेतला, त्याचे पैसे अर्थातच घेतले नाहीत, वहिनी समोर उभ्या राहून एकेक अक्षर वाचून घेत होत्या.